उमरेडहून जना

॥ श्री ॥
उमरेड, ११ फेब्रुवारी १९७४

चि. गोपिका हीस रुपरावकाकाचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. आमच्या जयाचं लग्न वैशाखात ठरलं. तुझ्या काकूची कंबर दुखते, पण लग्नाच्या नावानं पापड लाटणं थांबत नाही.

आता मुख्य मुद्दा. भिवापूरचे नत्थूजी तुला सून करून घ्यायला राजी होते. परवा ते पानठेल्यावर बसले असता रेडिओच्या फर्माईशीत नाव आलं, महाल, नागपूरहून गोपिका. मागोमाग प्रेमाचं गाणं. सगळा ठेला हसला म्हणे. ते तसेच बस धरून माझ्याकडे आले. जिचं नाव सिनेमाच्या गाण्यासोबत वाजतं, ती सून आमच्याकडे चालणार नाही, असं म्हणाले. मी विनवण्या करून मार्ग काढला आहे. ती गोपिका दुसरी होती असं तू लिहून दे आणि रेडिओला फर्माईशीची कार्डं टाकणं बंद कर. तुझे वडील असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

वहिनींना नमस्कार. तुझ्या भल्याचं लिहिलं, मनात अढी धरू नये.

तुझा काका,
रुपराव

महाल, नागपूर, १६ फेब्रुवारी

ती. काकाजी यांस गोपिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मायले वाचून दाखवलं. ती सुताच्या कांड्या भरता भरता थांबली, मग पुन्हा चरखा फिरवू लागली.

काकाजी, ती गोपिका मीच. खोटं लिहून देणार नाही. दुपारी गल्लीतल्या पाच बायका सूत घेऊन आमच्या ओसरीवर येतात. रेडिओ लावला की हात भराभर चालतात. त्यातल्या रंभाबाईले नवरा मारतो, ती कोणाजवळ बोलत नाही. पण एक गाणं आहे, ते लागलं की ती आम्हा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गाते अन् आम्ही समजून घेतो. आपणही या जगात आहोत, हे एकदा कोणी मोठ्यानं सांगावं, म्हणून मी कार्ड टाकलं. माझं नाव बाबांनी ठेवलं. ते ऐकून कोणी हसलं, तर लाज मी काहून धरू?

नत्थूजींचा मुलगा काय म्हणाला ते तुम्ही लिहिलं नाही. तो काहीच म्हणाला नसेल, तर मलेही त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही. काल आणखी एक कार्ड टाकलं. त्यात ओसरीवरच्या सगळ्यांची नावं आहेत, मायचंही.

रागवा, पण परकं करू नका.

आपली,
गोपिका

उमरेड, २१ फेब्रुवारी

चि. गोपिकास आशीर्वाद. सोयरीक मोडली. उद्या हे ऐकून जयाच्या सासरचे बिचकले, तर मी कोणाच्या दारात उभं राहावं? लग्नाला वहिनींनी यावं, तू येऊ नये. उत्तराची अपेक्षा नाही.

रुपराव

उमरेड, २ मार्च

चि. गोपिका इले काकूचा आशीर्वाद. चौथीनंतर आज लेखणी धरली, चुका पोटात घाल. हे बाजारात गेले हायेत. त्यायले सांगू नको.

तुह्यं पत्र त्यायनं फाडलं नाही, खुंटीवरच्या पिशवीत ठेवलं. मी काढून दोनदा वाचलं. मले राग आला वं, पण तुह्यावर नाही.

माहेरी माह्यं नाव जना होतं. लग्नात ताटातल्या तांदळात यायनं रुखमा लिहिलं, अन् जना तिथंच संपली. माय गेली तवापासून त्या नावानं मले कोणी हाक मारली नाही. पुढच्या कार्डावर लिहिशील? उमरेडहून जना. गाणं तुले वाटंल ते टाक.

माया कमी करू नको.

तुही काकू

उमरेड, १४ एप्रिल

चि. गोपिका इले आशीर्वाद.

वाजलं वं पोरी, तुह्यं कार्ड वाजलं! मागच्या रविवारी हे जेवून राहिले होते. रेडिओ बातम्यासाठी लावला होता. फर्माईश लागली तसे हे बंद करायले उठले. तेवढ्यात रेडिओतली बाई बोलली, उमरेडहून जना. यायनं विचारलं, आपल्या गावात ही कोण जना? मी म्हटलं, मीच. हे हात तसाच धरून उभे. मी उठली, रेडिओचा कान पिळला अन् आवाज वाढवला. गाणं संपल्यावर म्हणाले, ते नाव मी विसरलोच होतो, पंचवीस वर्षांत तूही काढलं नाहीस. मी म्हटलं, तुम्ही विचारलं कवा?

तिसऱ्या दिवशी जयाच्या सासरचे बोलणीले आले. सासूनं जयाले नवं नाव काय ठेवायचं ते काढलं. मी दाराआडून बाहेर आली अन् सांगितलं, पोरीचं नाव बदलायचं नाही. नाव पसंत नसंल, तर पोरगीही पसंत नाही असं आम्ही समजतो. सगळे यायच्याकडं पाहून राहिले. हे सतरंजीकडं पाहत होते. माह्या बाजूनं बोलले नाही, पण मले गप्पही केलं नाही. मी तिथून हालली नाही. शेवटी सासूनं पान तोंडात टाकलं अन् म्हणाली, राहू द्या जयाच.

तू लग्नाले ये. बोलावणं माह्यं आहे. कोणी काही म्हणलंच, तर त्याले माह्याकडं धाड.

तुही,
जनाकाकू

ता. क. पुढच्या वेळी गाणं मी सांगीन. तू टाकलं ते लय रडकं होतं.