खालचा ऐंशी

१४ डिसेंबर
पल्लवी आली यवतमाळवरून. माही नात, कॉम्प्युटरचं शिकते. आल्या आल्या भाकर मागितली, मंग लॅपटॉप उघडला. तिनं एक प्रोग्राम केला हाय. आपन आकडे द्याचे, तो आलेख काढते. बाजूले कोनते आकडे लिवाचे, कुठून सुरू कराचे, किती सोडून लिवाचे, उभे का तिरपे, सगळं तोच ठरवते, मानसाले वाचता आलं पायजे म्हनून. मी म्हनलं, आमच्या वर्गाचे मार्क टाक. विहारातल्या साक्षरता वर्गात आम्ही पाच बाया. शंभरातून मले अठ्ठ्याऐंशी, सगळ्याइच्या वर. माही दांडी वीतभर निघाली. माह्या मैत्रिनीची, वनमालाची, बोटाच्या पेराएवढी. चष्मा पुसून दोनदा पाह्यलं. घाटंजीतून कागदावर छापून आनतो म्हने. शेंगा उकडल्या तुरीच्या, खारट झाल्या, तरी पोरीनं खाल्ल्या. गुनाची हाय.

१६ डिसेंबर
विहारात बुद्धवंदना झाल्यावर वर्गाच्या मॅडमनं आलेख भिंतीले लावला. बाया जमल्या. मले राह्यवलं नाही, म्हनलं, "वनमाले, तुयं बी तं उगवलंच नाही व." सगळ्या हासल्या. वनमाला पन हासली. मंग चहा न घेताच गेली. गुडघा दुखत असन.

१९ डिसेंबर
तीन दिवस झाले, वनमाला वर्गात नाही. तिची सून हापशीवर भेटली. म्हने, "आत्याबाईनं वही-पेन्सिल नातवाले देऊन टाकली. या वयात हसू कायले करून घ्याचं म्हनते."
वर्गात मले तिनंच नेलं होतं. मी लाजत होतो, तं हात धरून.
पल्लवीले सांगतलं. तिनं कागद पाह्यला न् कपाळाले हात लावला. "आजी, खाली ऐंशी हाय. शून्य नाही." वनमालाले एक्क्याऐंशी. माह्यापेक्षा सातच कमी. पन खालचे ऐंशी कोनाले दिसलेच नाही, वरचं तेवढं दिसलं. पल्लवी म्हने, "चूक माही हाय. सगळे आकडे ऐंशीच्या वर, म्हनून प्रोग्रामनं खालचा भाग कापून टाकला. दांड्याइले असं नाही चालत, त्या शून्यापासूनच पायजे." तवापासून दुरुस्त करत बसली. भात थंड झाला.

२० डिसेंबर
इथं खरं लिवतो, दुसरीकडं कुठं लिवू.
मले ऐंशी दिसला होता. पहिल्याच दिवशी. आठ न् शून्य, येते मले वाचता. वनमाला एवढी मांगं नाही हेई समजलं होतं. पन माही दांडी लंबी दिसून राह्यली होती, गोड लागलं. एवढ्या वर्साची मैत्रीन. अन् पोरगी माहं पाप आपल्या नावावर घेऊन बसली, मी तिले जेव म्हनतो न् गप राह्यतो.
नवा आलेख निघाला. शून्यापासून. आकडे सरळ, मोठे. पाची दांड्या बहिनी-बहिनीवानी.

२१ डिसेंबर
कागद घेऊन वनमालाकडं गेली. पल्लवी संगं येतो म्हने, "मी सांगतो ना चूक माही म्हनून." नाही नेलं तिले.
वनमाला आंगनात ज्वारी पाखडत होती. कागद पुढं केला, पाह्यला नाही. म्हनलं, "बाई, मले खालचा ऐंशी दिसला होता. तरी मी तसं बोलली."
सूप चालूच. मंग म्हने, "मलेई दिसला होता. भिंतीजवळ उभी होती तवाच वाचला."
"मंग तू बोलली काहून नाही?"
"तू सांगशीन म्हनून उभी होती."
 बाजूले बसून खडे निवडले, बराच वेळ. ज्वारी चांगली हाय यंदा तिची.
उठतानी विचारलं, उद्या बलवाले येऊ का वर्गाले.
म्हने, "दार तं उघडंच असते."
येतो असं काही म्हनली नाही.
उद्या जातो.