साडूची घरपट्टी

४ जानेवारी. सकाळी ८.
नवी डायरी. खतवाल्याने फुकट दिली, तीही तीन दिवस उशिरा. यंदाचा संकल्प एकच: चिडचिड बंद.

४ जानेवारी. सकाळी ११.
महापालिकेचं घरपट्टीचं बिल आलं. ९,८७० रुपये. चिडचिड केली.

७ जानेवारी.
धुळ्याला बस बदलून साक्रीकडे, साडू रुपचंदच्या गावी. भरीत-भाकरी होती. त्याचं घर दुमजली, अठ्ठावीसशे चौरस फूट. जेवता जेवता सहज विचारलं, घरपट्टी किती भरतोस? ग्रामपंचायतीला ११४० म्हणाला. माझा घास तोंडातच राहिला. राज्य एक, सरकार एक, बायकासुद्धा सख्ख्या बहिणी, आणि पट्टीत एवढा फरक! रुपचंद हसून म्हणाला, आमना गावमा बठ्ठं स्वस्त शे, तुमले शहरमा ऱ्हावानं शे ना, मंग भरा. सगळं स्वस्त म्हणे! तीस वर्षांचं नातं, आणि हा माणूस मला एका शब्दाने न सांगता ११४० भरत होता. याला दगा म्हणतात. भरीत दोनदा घेतलं, पण रागाने.

९ जानेवारी.
तक्ता तयार केला. जळगाव महापालिका, मी: ९,८७०. पाचोरा नगरपालिका, ऑफिसातला जुना सोबती वना: ३,२००. साक्रीकडची ग्रामपंचायत, साडू: ११४०. घर माझं सगळ्यात लहान. बायको पुष्पा म्हणाली, तिकडे रस्त्यावर दिवा नाही, गटार नाही, दवाखान्याला साक्री गाठावी लागते. मी सांगितलं, मुद्दा गटाराचा नाही, तत्त्वाचा आहे. तिने भाजी चिरायला घेतली.

१३ जानेवारी.
हरकतीचा अर्ज दिला. त्यात लिहिलं: वरचा मजला म्हणजे पत्र्याचं कोठार, राहण्यास अयोग्य. हे खोटं नाही. वर एक पत्रा आहेच, पाण्याच्या टाकीवर.

१९ जानेवारी.
उद्या पाहणी. वरची खोली तेजसची. त्याचा पलंग खाली आणला, वनाच्या शेतातली कापसाची पाच पोती वर चढवली. गच्चीवर भाड्याचे पत्रे उभे केले. तेजसने विचारलं, पप्पा, मी झोपू कुठे? मी म्हणालो, तत्त्वाच्या लढाईत सैनिक जमिनीवर झोपतो. त्याने चटई अंथरली. गुणी मुलगा. पाईपच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. वय बत्तीस. दोन स्थळं फिसकटली, त्यात आमचा काही दोष नव्हता.

२४ फेब्रुवारी.
विजय! पट्टी ५,१३०. पावती लॅमिनेट करून आणली. ‘तळमजला ६१० चौ. फू., वर पत्र्याचे कोठार.’ रुपचंदला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. जळाला.

२ मार्च.
चोपड्याचं स्थळ. मुलगी भूमिका, शिक्षिका. वडील अमृतराव, केळीचे बागायतदार. वधू-वर मेळाव्यात तेजस तिच्याशी अर्धा तास बोलत बसला होता म्हणे. आज स्वतःहून म्हणाला, पप्पा, इथे झालं तर बरं होईल. बत्तीस वर्षांत याने असं काही मागितलेलं मला आठवत नाही. मीही ठरवलं, आता हे जमवायचंच. पाहुण्यांसमोर आपली चार माणसं हवीत, म्हणून रुपचंदलाही बोलावलं. मन मोठं ठेवावं लागतं.

८ मार्च.
पाहुणे येऊन गेले. पोती काढून वरची खोली रंगवून घेतली होती. अमृतरावांनी घर वरखाली पाहिलं, भिंतीवर बोट वाजवलं, खूश दिसले. मग म्हणाले, घरपट्टीची पावती दाखवा. मोठ्या मुलीच्या वेळी समोरच्यांनी भाड्याचं घर स्वतःचं म्हणून दाखवलं होतं, तेव्हापासून पावती पाहिल्याशिवाय ते पुढे बोलत नाहीत. मी अभिमानाने लॅमिनेट केलेली दिली.
त्यांनी दोनदा वाचली. मग भूमिकेने वाचली. म्हणाली, काका, बायोडाटात दुमजली आरसीसी घर आहे आणि इथे पत्र्याचं कोठार, यातलं खरं कुठलं? मी म्हणालो, बेटा, दोन्ही खरं, एक लग्नासाठी आहे आणि एक पालिकेसाठी. कोणीच हसलं नाही, तेव्हा विषय नीट समजावा म्हणून तक्ता काढला. तो अमृतरावांना आवडला असावा. रुपचंदच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले. अठ्ठावीसशे फूट, पक्कं बांधकाम, ११४०? पावती आहे का? रुपचंदने मोबाईलवर दाखवली. जशी पावती, तसंच घर. मुलगा आहे का? आहे, कुंदन, एकोणतीस, बँकेत.
रुपचंदने त्यांना आपल्या गाडीने चोपड्यापर्यंत सोडलं. एकूण छाप चांगली पडली.

१५ मार्च.
फोन नाही. मोठी माणसं विचार करून बोलतात.

२० मार्च.
मीच फोन लावला. अमृतराव म्हणाले, आबा, पोरगा सोना शे, पन ज्या घरमा दोन कागद, तठे मन्ही पोर देवानी नही. म्हणजे नकारच. तेजस जेवला नाही. पुष्पा माझ्याशी बोलत नाही. सगळे एका पावतीवर उठले आहेत.

२१ मार्च.
उपाय सापडला. पट्टी वाढवून घ्यायची! अर्ज दिला: माझं घर मोठं आहे, कृपया फेरमोजणी व्हावी. खिडकीतल्या बाईंनी तीनदा विचारलं, कमी करायची ना? मी ठणकावून सांगितलं, वाढवा.

१० एप्रिल.
मोजणी झाली. पहिल्या वेळी सुटलेली गॅलरी आणि जिना मोजणीवाल्यांनी या वेळी बरोबर धरले. १२,६४० आणि वर मागचा फरक. नव्या पावतीचा फोटो अमृतरावांना पाठवला. लगेच पाहिला. आता तेजसचं काम झालंच.

११ एप्रिल.
अमृतरावांचं उत्तर आलं. लग्नपत्रिका. चि. कुंदन रुपचंद, चि. सौ. कां. भूमिका. मी तीनदा वाचली. रुपचंदला फोन केला, तर म्हणतो, त्यांनीच विचारणा केली, मुलामुलीला पटलं, मी काय करू? आणि आबा, आमनी पावती तुम्हीच दाखाडी ना. माझ्या घरात, माझे पोहे खाऊन! पट्टी कमी, घर मोठं, आणि आता सूनही. इतका दगा मला आजवर कोणी दिला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, लिहून ठेवतो.

६ मे.
साक्री. पुष्पाच्या बहिणीचं घर, जावं लागलं. पंगतीत तेजसने वाढलं. नवरा-नवरीच्या ताटात जिलेबी त्यानेच ठेवली. मी पाहत होतो.

१२ मे.
तेजसने ऑनलाइन पट्टी भरली, फरकासकट. म्हणाला, पप्पा, यापुढे माझ्या लग्नाचं तुम्ही कुणाशी बोलू नका. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही काही बोलता आलं असतं. बरं म्हणालो.