जेवणारी किती?

शहापूर, सन २००७

तीर्थरूप सकुआत्यास,
साईनाथचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मुरबाडला सरिताताईकडे मुक्काम सुखाचा असेलच (लेकीच्या घरी गुडघे दुखत नाहीत, असं ऐकून आहे). इकडे आम्ही मजेत आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

गेल्या आठवड्यात कंपनीची बाविसावी गाडी आली. हार घालताना तुझी फार आठवण झाली. चार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक कॉम्प्युटर होता आणि ड्रायव्हर कमळूची जीप. मुंबई-ठाण्याची माणसं आपल्या वेबसाइटवर माळशेजची सहल बघायची आणि नक्की करायला फोन करायची. फोन मात्र सापगावात, तुझ्या स्वयंपाकघरात! म्हणजे ऑनलाइन कंपनीचा सारा कारभार तू भाकऱ्या थापता थापता पाहिलास. माणसं किती, असं तू कुणाला कधी विचारलं नाहीस. "जेवणारी किती हायत तेवढं सांग रे, बाकीचं मी बगते," हा तुझा एकच प्रश्न. जेवणारी तेवढ्या सीटा, हे मलाही बिनचूक वाटायचं. ठाण्याचे ते रिटायर हेडमास्तर आपली मंडळी घेऊन एकादशीला आले तोवर.

तू लिहून ठेवलंस, नऊ. आटगाव स्टेशनात उतरले पंधरा. सहाजणांना उपास, म्हणून तू ते धरलेच नव्हते! जीप नऊजणांची. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तू मात्र सगळ्यांना दोन खेपांत घरी आणवलंस. उपासवाल्यांना उकडलेली रताळी आणि वरीचा भात, बाकीच्यांना भाकरी आणि वालाची भाजी. माळशेज राहिला बाजूला, हेडमास्तर जे पडवीत आडवे झाले ते चहालाच उठले. आता हे पैसे परत मागणार म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो (तुझेच देव, तुझ्याच तांब्यात), तर त्यांनी वेबसाइटवर भलंमोठं कौतुक लिहिलं. तिथून गाड्या वाढत गेल्या. आत्या, ही कंपनी तुझ्या चुलीवर शिजली. तुझे उपकार मी कधी तोंडाने बोललो नाही, ते आज लिहितो.

उलट शहापुरात ऑफिस थाटलं तेव्हा तुझ्या हातातला फोन काढून घेतला आणि म्हणालो, आता तू आराम कर. तू ट्रंक भरलीस आणि मुरबाडची एसटी धरलीस. माझं चुकलं गो आत्या.

तुझा भाचा,
साईनाथ

ता. क. फोनवर आता दोन शिकलेल्या मुली बसवल्यात. लोक विचारतात, आत्या आहेत का? नाहीत म्हटलं की ठेवून देतात. दोन महिन्यांत बुकिंग निम्म्यावर आलं. बाविसाव्या गाडीचा हार वाळला, गाडी दारातच उभी आहे. कमळू म्हणतो, "आत्येबिगर गाडी भराची नाय."

आणखी एक. रविवारी सकाळी तीच गाडी घेऊन मुरबाडला येतो. पुढची खिडकीची सीट तुझ्या नावावर काढली आहे (वळणांवर तुला मळमळतं). हे तिकीट रद्द होत नाही.

आणि हे शेवटचं. आत्ताच कॅलेंडर पाहिलं. रविवारी एकादशी आहे, म्हणजे तू जेवणार नाहीस. तरी तुला मोजलंय.