बर्फाच्या कप्प्यातल्या बाटल्या

सूनबाई,

फ्रिजच्या दारातल्या दोन्ही बाटल्यांतले औषध आज टोचून घेऊ नकोस. दिसायला त्या नेहमीसारख्याच स्वच्छ आहेत. परंतु काल दुपारभर त्या बर्फाच्या कप्प्यात गोठल्या होत्या. तिथे त्या मी ठेवल्या.

काल माझी धाकटी बहीण आली होती. दुसऱ्याचा फ्रिज उघडल्यावाचून तिला चैन पडत नाही, हे तू जाणतेस. तुझ्या शरीरात रोगांशी लढणारी द्रव्ये तयार होत नाहीत, ती दर आठवड्याला या इम्युनोग्लोब्युलिनमधून घ्यावी लागतात, हे तिला कळू नये म्हणून मी बाटल्यांचे खोके मटारच्या पिशवीमागे लपवले. ती गेल्यावर बाटल्या काढल्या, पुसल्या आणि जागेवर ठेवल्या. गप्प राहायचेही ठरवले होते.

सकाळी राहवेना, म्हणून रुग्णालयातल्या परिचारिकेला फोन केला. ती म्हणाली, "आजी, एकदा गोठलं की ते फेकायचंच. टोचलं असतं तर अपाय झाला असता. विचारलंत ते बरं केलंत." मला काही बरे वाटले नाही.

नव्या बाटल्या आणायला मी स्वतः गेले आहे. तुझ्या नवऱ्याला मागे धाडू नकोस. रांगेत मीच उभी राहीन.

निघण्यापूर्वी बहिणीलाही फोन केला. तुझ्या आजाराचे नाव तिला दोनदा सांगावे लागले, कारण पहिल्या वेळी मीच ते पुटपुटले.

नव्या बाटल्या मधल्या फळीवर, अगदी पुढे राहतील.

— सासूबाई