चुलीचे तीन दगड

३ एप्रिल
आले बाई एकदाची. डोंगरावरची थंडी मागे सुटली. माझ्या लेकाने, गथोगोने, दरीच्या तळाशी घर बांधलंय, पत्रा कोरा. माझंच नाव लावलेली नात वाइरुरी, तिने ही वही दिली. तीन इयत्ता शिकले, तेवढं पुरे. मागच्या स्वयंपाकघरात सिमेंट फोडून मी चूल मांडली. तीन दगड, अर्धे पुरलेले. मका-घेवडा शिजवला, सगळे बोटं चाटत उठले.

५ एप्रिल
शेजारचा मासाई म्हातारा लेमायान चहाला आला. म्हणाला, म्हातारे, हे घर नव्हतं तेव्हा इथून हिरव्या गवताचा सरळ पट्टा जायचा. आमची गुरं तिथे चरत, पण बसत नसत. म्हणून आम्हीही तिथे झोपडी घालत नाही. गथोगोला विचारलं. म्हणाला, भेग होती, वीस ट्रक मुरूम ओतला, वर सिमेंट. गुरांना विचारून कोण घर बांधतं, आई? म्हटलं, विचारलं असतंस तर अक्कल फुकट मिळाली असती.

९ एप्रिल
चार दिवस पाऊस. हंडी कलंडली. दगडांत वीतभर अंतर ठेवलं होतं, आता वीत आणि चार बोटं. सुनेला, न्यागुथीला, झापलं. ती म्हणते, तुमची चूल, तुमचे दगड, मी कशाला हात लावू? अबोला.

१२ एप्रिल
जमिनीच्या सरकारी सर्वेक्षणाची पोरगी येऊन गेली. सांगत होती, आजी, इथली जमीन लाखो वर्षं दोन्हीकडून ओढली जातेय. मधला तळ खचतो, त्यावर तळ्याचा गाळ नि राख थरांनी साचते. ओढ चालूच, मग थरही वाकतात, तुटतात. चीर राखेखाली झाकलेली असते. पाण्याने राख वाहिली की तोंड उघडते.
म्हणजे आम्ही झाकणावर झोपतो. लेक हसला. सुनेची माफी नाही मागितली, पण माझा मटणाचा तुकडा तिच्या ताटात टाकला.

१४ एप्रिल
सिमेंटला चीर. खालून घोट घेतल्यासारखा आवाज.
हंडी दगडांमधून खाली गेली. पडल्याचा आवाज आला नाही.

१५, सकाळ
सून नि वाइरुरीला लेमायानकडे हाकललं. नात हलेना, चिमटा काढला. गथोगो म्हणतो, घर सोडणार नाही, पुन्हा मुरूम भरतो. बापही असाच हट्टी, पण तो निदान—

दुपार
फावडं घेऊन आत गेला. मी उंबऱ्यावर, वही मांडीवर. फावडं थांबलं.
हाक मारली. ओ आली. खालून. फार लांबून.
म्हणतो, आई, तुझी हंडी सापडली, ये.
गाढवा, येते, पण आधी तू—