पुढच्या खोलीतली गव्हाण

मी, राजूबाई भ्र. श्रीपतराव वाघमारे, वय अंदाजे त्रेसष्ट, धर्म ख्रिस्ती, राहणार कोळार, तालुका व जिल्हा बीदर, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. सकाळी ज्वारी पाखडली, नातीची वेणी घातली, मग बसले. अक्षर वाकडं आहे, कारण मिशनच्या बायांच्या वर्गाला मी सहाच महिने गेले. कुणी धाक घातलेला नाही. भीती वाटते ती कलम चारची, आणि ते माझं मलाच लिहायचं आहे.

घर माझ्या नावावर आहे. नवऱ्यानं हयातीत करून दिलं. म्हणून वाटणी मी करते.

कलम एक. मागचं घर, न्हाणी, अंगण आणि शेवगा माझा मुलगा अंकुशराव याला. शेवगा तोडू नये. शेंगा आधी गल्लीला वाटायच्या, मग आपल्या आमटीत घालायच्या.

कलम दोन. नवऱ्याची सुतारकीची हत्यारं, म्हणजे करवत, रंधा, दोन पटाशा आणि हातोडी, नात एस्तेर हिला. ती सहा वर्षांची आहे. पोरीला पटाशी कशाला, असं सून विचारेल. परवा या पोरीनं खिळा सरळ ठोकला आणि माझ्याकडं बघून हसली. तिच्या बापाला अजून सरळ ठोकता येत नाही. एवढं कारण पुरे.

कलम तीन. आता पुढची खोली आणि त्यातली बाभळीची गव्हाण. गव्हाण नवऱ्यानं केली, आमच्या गुरांसाठी. गुरं गेली, गव्हाण राहिली. तेव्हापासून दर डिसेंबरला मी गल्लीतल्या पोरांना नाताळ शिकवते. तोंडानं शिकवलेलं पोरं विसरतात, हातानं केलेलं विसरत नाहीत, म्हणून हातानंच करून घेते. तळ्याची काळी माती आणायची, बैल आणि मेंढरं करायची. कारहुणवीला, म्हणजे बैलांच्या सणाला, मातीचे बैल करायची सवय इथल्या सगळ्याच पोरांना, त्यामुळं बैल झकास होतात, मेंढरं मात्र कुत्र्यासारखी दिसतात.

आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच अंबाजी एकदा दारात उभे राहून म्हणाले, "राजूबाई, मूर्त्या करायलाव काय?"

मी म्हणाले, "पंच, या बैलाच्या पाया कोण पडायलंय? बाळ तर आम्ही करतच न्हाई. त्याची जागा मोकळी ठेवतो."

हे खरं आहे. नाताळच्या सकाळी गल्लीतलं सगळ्यांत नवं बाळ आणून गव्हाणीत निजवतो, कुणाच्याही घरचं असो. देव असाच आला, जनावराच्या खाण्याच्या जागी निजला, हे पोरांनी डोळ्यांनी बघावं. अंबाजींनी नंतर स्वतःचा नातू पाठवला, पण शब्द मागं घेतला नाही. मी तो अजून विसरले नाही.

दुसरा खेळ जागा मागायचा. एक पोरगा योसेफ, एक पोरगी पोटाला गाठोडं बांधून मरिया. दोघांनी घरोघर जाऊन "जागा आहे का?" विचारायचं आणि घरवाल्यांनी "न्हाई" म्हणायचं, असं आधी ठरवून ठेवलेलं. पहिल्याच वर्षी गल्लीतल्या सावित्रीबाईनं दोघांना आत ओढलं, धपाटे वाढले. मी रागावले तर म्हणाली, "पोटुशीला न्हाई कसं म्हणू, अक्का? तुम्हीच म्हणा." खेळ तिथंच संपला. ते आठवलं की मी अजून हसते, आणि हसता हसता थांबते. का ते पुढं येईल.

तिसरी आणि मुख्य गोष्ट काडीची. दुसऱ्याचं काही चांगलं केलं की कडब्याची एक काडी गव्हाणीत टाकायची. काय केलं, कुणासाठी केलं, ते कुणालाही सांगायचं नाही. जितक्या काड्या, तितकं बाळाचं अंथरूण मऊ.

हे लिहीत असताना अंकुश दोनदा दारात येऊन गेला. "आई, एवढं काय लिहायलीस?" म्हणाला. मी पदर कागदावर घेतला. त्यानं पुढची खोली कारखान्याच्या एका ठेकेदाराला गोदामासाठी द्यायची बोलणी केली आहेत. येत्या गुरुवारी किल्ली द्यायची आहे. मला विचारलेलं नाही.

कलम चार. सन बहात्तरचा डिसेंबर. दुष्काळ. कडबा दिसेनासा झाला होता. पोरं रस्त्यावर गाडीतून पडलेल्या काड्या वेचून आणायची. अंकुश अकरा वर्षांचा. त्यानं एके दिवशी आख्खी एक पेंडी आणून गव्हाणीत टाकली. मी नियम माझाच, माझ्याच तोंडानं मोडला. सगळ्यांपुढं म्हणाले, "बघा, माझ्या पोरानं किती जणांचं चांगलं केलं."

दुसऱ्या दिवशी गावातले मोठे शेतकरी उद्धवराव आले. त्यांच्या गंजीतल्या पेंड्या लाल सुतळीनं बांधलेल्या असत. ती सुतळी गव्हाणीतच पडली होती. म्हणाले, "ही माझी पेंडी. कुणी आणली?"

अंकुशनं माझ्याकडं बघितलं. मला सगळं कळलं. आणि मी म्हणाले, "सोजरानं. तिचा बाप तुमच्याच खळ्यावर असतोय की."

सोजरा नऊ वर्षांची, कोपरापर्यंत मातीनं भरलेली. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि परत बैलाची शिंगं वळत बसली. तिचा बाप नागनाथ उद्धवरावांकडं सालगडी होता. उद्धवराव त्याच्या दारात गेले, तर तिथंही लाल सुतळीचा तुकडा. तो तिथं कसा आला ते मला आजवर उमगलं नाही. नागनाथचं साल तुटलं, राहती खोपही उद्धवरावांचीच होती, तीही गेली.

हैदराबादला जाण्याआधी नागनाथ बायकोपोरांना घेऊन माझ्या दारात आला. "अक्का, दोन दिवस पुढच्या खोलीत पडू द्या." मी म्हणाले, "पोरांची गव्हाण मांडलीय. जागा न्हाई."

हे मी ख्रिस्ती बाई, नाताळ शिकवणारी, नाताळच्या आठवड्यात बोलले. सतरा वर्षं झाली. नागनाथ तिकडंच वारला.

सोजरा चार वर्षांमागं नवऱ्याबरोबर परत आली. आता बालवाडी चालवते. दर डिसेंबरला माझ्याकडं येऊन पोरांबरोबर माती तुडवते. गेल्या वर्षी मी विचारलंच, "सोजरा, तवा कामून गप बसलीस?"

म्हणाली, "मावशी, तुम्हीच शिकवला होता, चांगलं केलेलं सांगायचं न्हाई."

मला वाटलं, तिनं माझ्या पोराला वाचवलं, तीच तिची काडी.

कलम पाच. म्हणून पुढची खोली, तिची किल्ली आणि गव्हाण सोजराबाई नागनाथ हिला. माझ्या मागं नव्हे, आजपासून. गोदाम होणार नाही. खोलीला कुलूप लावू नये. जागा मागायला कुणी आलं तर गव्हाण सरकवून जागा करावी, ही एकच अट.

हे मी सहीआधी अंकुश आणि उद्धवराव दोघांसमोर वाचणार आहे. माझा पोरगा सगळ्यांदेखत चोर ठरेल, उठून गेला तर परत येणार नाही, हे मला कळतं. तरी वाचणार.

सहीआधीची दुरुस्ती. सोमवार, दुपार. वाचून झालं. साक्षीला बोलावलेल्या गुरुपादय्या मास्तरांनी चष्मा काढला. अंकुश उठला, दारापर्यंत गेला, तिथंच उभा राहिला. पाठ आमच्याकडं. मग म्हणाला, "आई, कलम चार चुकलंय. एक न्हाई, दोन पेंड्या होत्या. एक गव्हाणीत टाकलो, दुसरी सोजराच्या शेळीला घातलो. शेळी उपाशी मरायली होती. सोजरानं बघितली होती मला."

उद्धवराव म्हणाले, "मग ती सुतळी..."

"व्हय, अप्पा. पेंडी सोडून सुतळी मीच टाकलो तिथं."

सोजरा कुणाचं चांगलं केलेलं सतरा वर्षं झाकून बसली होती, ते मला तेव्हा कळलं. ती बाहेर अंगणात पोरांची माती भिजवत होती. अंकुशनं खिशातली किल्ली काढली आणि बाहेर गेला. काय बोलले ते मी ऐकलं नाही, आणि विचारणारही नाही. तरी कलम चारमध्ये जिथं "एक पेंडी" आहे, तिथं "दोन पेंड्या" वाचावं. दुरुस्तीवर अंकुशची सही घेतली आहे. त्याच्या हाताची माती कागदाला लागली, ती खाडाखोड समजू नये.

लिहून देणार: राजूबाई भ्र. श्रीपतराव
दुरुस्ती मान्य: अंकुशराव श्रीपतराव
साक्षीदार: १. गुरुपादय्या, शिक्षक २. उद्धवराव, शेतकरी

मुक्काम कोळार, जिल्हा बीदर
सोमवार, ता. ११ डिसेंबर १९८९