ड्राय नीडलिंग की ॲक्युपंक्चर: एक निःपक्षपाती अभ्यास

३ जानेवारी
प्रभारी मुख्याध्यापक झालो. मे महिन्यात रिटायर. म्हणजे येत्या २६ जानेवारीचा झेंडा माझ्या हातचा पहिला आणि शेवटचा. खांदा आखडल्यामुळे उजवा हात खिशाच्या वर जात नाही. किरकोळ बाब. वेळ भरपूर आहे.

५ जानेवारी, संध्याकाळ
शहरात मस्तगडला फिजिओ मोनाली मॅडमकडे. म्हणाल्या, ड्राय नीडलिंग करू. स्नायूत गाठ झाली आहे, थेट तिच्यात सुई घालायची. औषध वगैरे काही नाही, स्नायू फडफडतो आणि सैल होतो. सुई पाहिली. बारीक आहे, पण लांब आहे. एकाच बाजूचं ऐकून निर्णय घेणं शिकलेल्या माणसाला शोभत नाही. परत आलो.

८ जानेवारी
ॲक्युपंक्चरच्या डॉक्टरांकडे. चीनचं जुनं शास्त्र. अंगात शक्तीच्या वाटा असतात म्हणे, त्यामुळे दुखतो खांदा आणि सुई पायात. खांदा सुईतून वाचला म्हणून बरं वाटलं. मग पायाचा विचार आला. शिवाय सुई तीच! मग फरक कशात? मी विज्ञान शिकवतो. डोळे झाकून टोचून घेणार नाही.

९ जानेवारी
प्लॅन पक्का. बायकोची, म्हणजे संध्याची मान धरते: तिला ड्राय नीडलिंग. सासूबाईंच्या गुडघ्याला ॲक्युपंक्चर. जे जिंकेल ते मी घेणार. संध्या म्हणाली, खांदा तुमचा अन् सुया आम्हाला, बराबर आहे. संशोधन असंच चालतं, हे तिला समजावलं.

१७ जानेवारी
संध्याची मान मोकळी. सासूबाई जिना चढून गच्चीवर जाऊन आल्या. दोघींनाही गुण आला, म्हणजे अभ्यास वाया गेला. खांदा जैसे थे.

२२ जानेवारी
संध्याने परस्पर अपॉइंटमेंट घेतली. टेबलावर पालथा झोपलोसुद्धा. मोनाली मॅडमनी सुईचं पाकीट फोडलं आणि मला ऑफिसचा अर्जंट फोन आठवला. फोन सायलेंटवर होता, पण अनुभवाने कळतं.

२५ जानेवारी
कपड्यांच्या दोरीवर डाव्या हाताने झेंड्याची दोरी ओढायचा सराव. एका झटक्यात सासूबाईंचं लुगडं खाली. आता सुईची गरजच नाही.

२६ जानेवारी
झेंड्याची दोरी अडकली. दोन्ही हात लागणार होते. उजवा उचलायला गेलो आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. आमच्या शाळेतल्या शिक्षिका ज्योत्स्ना मॅडमना पुढे बोलावलं, माइकवर म्हटलं, हा मान महिलांचा. टाळ्या पडल्या. सरपंच म्हणाले, सर फार मोठ्या मनाचे. सगळ्यांनी सलामी दिली. माझा हात खिशापाशी.

गर्दीत मागे संध्या आणि सासूबाई उभ्या होत्या. जीप फाट्यावर थांबते. तिथून त्या पायी आल्या होत्या. कधी नाही ते सासूबाई स्वतःहून बोलल्या.

“गुडघा चालून राह्यला म्हणून आल्ते, जावई. तुमच्या हातानं झेंडा बघायचा व्हता.”

मलाही तेच बघायचं होतं.